हिरवी पाचर

घड्याळ अजून भिंतीवर आहे,
किनाऱ्यावरचं केंद्र बंद झालं तेव्हा मी उचलून आणलेलं.
बाराच्या पुढे तीन मिनिटांची हिरवी पाचर,
सहाच्या पुढे तशीच दुसरी.
नातू विचारतो, आजी, हे केकचे तुकडे का?
मी हो म्हणते, आणि त्याला अजून एक बटाटा वाढते.

स्कारवॉय बेटावर वायरलेस आला
तेव्हा त्याला कुणी धनी नव्हता.
पहिल्या हिवाळ्यात अकरा बोटींवर संच, पुढच्या हिवाळ्यात चाळीस,
सगळे एकाच लहरीवर.
ओदमुन कॉडचे भाव सांगायचा, तेही खोटे.
एलर्टला चढली की तो माइकपुढे अकॉर्डियन घेऊन बसायचा.
बायका स्वयंपाकघरात रेडिओचा काटा सरकवून
नवऱ्यांच्या शिव्या ऐकायच्या,
आणि शिवीच्या वजनावरून ओळखायच्या
जाळं भरलंय की रिकामं.
परवाना? कसला? वाऱ्याचा?

मी केंद्रात रात्रपाळीला. वय एकोणीस.
फेब्रुवारीतल्या त्या रात्री
मी पलीकडच्या बेटावरच्या तोर्बयोर्गला विचारत होते,
बाहीला टाके किती घालू.
ती म्हणाली, बेचाळीस.
मी म्हटलं, परत सांग, मध्ये खरखर आहे.

'हावतेर्ना'वर चार माणसं होती.
सकाळी दुसऱ्या बोटीवरचे म्हणाले,
तिची हाक अर्धीच आली,
वर कुणीतरी बोलत होतं.
कोण, ते ते म्हणाले नाहीत.
बेट लहान आहे.

एप्रिलमध्ये राजधानीतून निरीक्षक होल्टर्मान आले,
बोटीत ओकून ओकून पांढरे पडलेले, चामडी बॅग छातीशी.
आधी पाणी मागितलं, मग नोंदवही.
त्या तासापुढे माझ्या अक्षरात होतं : वाहतूक सामान्य.
त्यांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पान उलटलं.
ती दया होती की पोटात अजून ढवळत होतं,
मला आजही माहीत नाही.

मग छापील पत्रकं आली.
नावाच्या जागी अक्षरं, भावांना वेगळी लहर,
शिवीला दंड, अकॉर्डियनला बंदी.
कलम सात : अनावश्यक संभाषण.
इतकं नेमकं माझं वर्णन कुणीच केलेलं नाही.
आणि दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं
सगळ्यांनी गप्प बसून फक्त ऐकायचं.
मासे खारवायच्या शेडमध्ये ओदमुन थुंकला,
'सरकारनं बोलण्यात पाचर मारली.
ओस्लोतल्या लोकांना समुद्रातलं काय कळतं?'
त्याच वर्षी 'हावतेर्ना'च्या तांडेलाची बायको, गुडलाउग,
विनापरवाना ऐकते म्हणून तिला वीस क्रोनर दंड झाला.
आता ती कुणाचा आवाज शोधत होती, हे पत्रकात विचारलेलं नव्हतं.
तिनं चिल्लर मोजून दिली. पावती मी फाडली.

सुरुवातीला ती तीन मिनिटं फार लांब वाटायची.
मग कान बसला.
चाळीस बोटी श्वास रोखून असल्या
की नुसत्या खरखरीलाही पोत येतो, लोकरीसारखा.
अकरा वर्षांत दोनदा त्या शांततेतून माणूस बोलला.
दोन्ही बोटी आम्ही घरी आणल्या.
त्या चौघांसमोर मी हा हिशेब मांडत नाही.

पुढे उपग्रह आले,
आणि एका परिपत्रकानं शांतता रद्द केली.
फक्त रंग तेवढा तबकडीवर राहिला.

नातू जेवता जेवता फोनवर तीस जणांशी बोलतो.
बातम्यांत म्हणे त्यालाही नियम येतोय, मसुदा तयार आहे.
'त्या म्हाताऱ्यांना यातलं काय कळतं?' तो म्हणतो,
अगदी ओदमुनच्या सुरात.
मला काहीतरी सांगायचं असतं,
पण साडेसहा वाजतात.
पळी हातात थांबते.
तो बोलतोय, बोलतोय,
आणि माशाचं सूप तळाला लागतंय, मला वास येतोय,
अजून दोन मिनिटं आहेत.